एलपीवरचे जुने अल्बम, रिमास्टर्ड सीडीवर: बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातल्या संग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव भागातल्या घरांत संगीताचा साठा नेहमीच मिसळलेला असतो. एकाच कपाटात ख्याल, नाट्यपदं, कन्नड वचनं, हिंदी सिनेमा आणि कॉलेजच्या दिवसांतलं इंग्रजी रॉक सापडतं. खालचे प्रश्न तसेच आहेत, मिसळलेले.

सुरुवात कुठून करायची?

घरात असलेल्या एलपींपासून. ज्या पाच-सहा रेकॉर्ड तुम्हाला तोंडपाठ आहेत, त्यांच्याच सीडी आधी शोधा. तोंडपाठ असलेल्या गाण्यात कुठे काय हललंय हे कान लगेच पकडतो. अनोळखी अल्बमच्या रिमास्टरला बरं की वाईट ठरवायला मापच नसतं. पन्नास सीडी एकगठ्ठा घेऊन मग ऐकत बसू, असं करू नका. त्यातल्या चाळीस कुणीतरी एमपीथ्रीवरून भाजलेल्या (बर्न केलेल्या) निघतात.

रिमास्टर, रिमिक्स आणि रीइश्यू यांत फरक काय?

रीइश्यू म्हणजे पुन्हा बाजारात आणलेलं, एवढंच. आत जुनंच मास्टरिंग असू शकतं, फक्त कव्हर नवं. रिमास्टर म्हणजे तयार दोन चॅनेलची टेप पुन्हा वाजवून, तिचा वेग, पट्टी, आवाजाची पातळी आणि खरखर नव्याने बसवून डिजिटल प्रत काढणं. रिमिक्स म्हणजे त्याच्याही मागे जाऊन वेगवेगळ्या ट्रॅकवरचे आवाज आणि वाद्यं नव्याने जुळवणं. रिमिक्स हे खरं तर वेगळंच ध्वनिमुद्रण झालं.

कव्हरवरचा शब्द इथे फारसा उपयोगी पडत नाही. बीटल्सचे 'हेल्प' आणि 'रबर सोल' १९८७ मध्ये सीडीवर आले ते निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी नव्याने केलेल्या रिमिक्समध्ये. २००९ च्या स्टिरिओ रिमास्टरलाही तोच १९८७ चा मिक्स वापरला. १९६५ चा मूळ स्टिरिओ मिक्स ज्याला हवा, त्याला २००९ चा मोनो बॉक्स घ्यावा लागला, कारण तो तिथे जोडून दिला होता. 'रिमास्टर' लिहिलेल्या डिस्कमध्ये रिमिक्स, आणि मोनोच्या पेटीत स्टिरिओ. म्हणून मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सीडी मूळ टेपवरून केली आहे की एलपी वाजवून, हे कसं ओळखायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आपल्याकडच्या कित्येक अल्बमांच्या मास्टर टेप खराब झाल्या किंवा सापडतच नाहीत, त्यामुळे रेकॉर्डवरून केलेली सीडी म्हणजे फसवणूकच, असं नाही. ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांच्या बाबतीत तर बहुतेक वेळा तबकडी हाच एकमेव मार्ग असतो. पण तसं छापलेलं असावं. नसेल तर हेडफोन लावून पुढच्या गोष्टी तपासा.

गाणं सुरू होण्याआधीची आणि संपल्यावरची दोन-तीन सेकंदं आवाज वाढवून ऐका. खालच्या पट्टीत मंद घरघर असेल तर ती टर्नटेबलची. एखादी 'टक्' ठरावीक अंतराने परत येत असेल तर घड्याळ लावा. ३३⅓ च्या रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांचा असतो, ७८ चा साधारण पाऊण सेकंदाचा. टक् ते टक् बरोबर १.८ सेकंद भरलं तर तो एलपीवरचा ओरखडा आहे, दुसरं काही नाही. तसंच गायकाचा पहिला स्वर लागायच्या १.८ सेकंद आधी त्याचीच पुसट सावली ऐकू येत असेल तर शेजारच्या खाचेचा ठसा उमटलाय. टेपवरही अशी सावली पडते, पण तिचं अंतर वेगळं असतं.

तिसरी खूण बाजूच्या शेवटी मिळते. एलपीच्या आतल्या खाचा आखूड होत जातात आणि सुईला 'स', 'श', 'च' नीट वाचता येत नाहीत. सीडीवर तिसऱ्या-चौथ्या गाण्यापर्यंत स्वच्छ असलेला आवाज बाजूच्या शेवटच्या गाण्यात फाटलेल्या कागदासारखा सिसकारत असेल, तर मूळ रेकॉर्डवरूनच घेतलंय.

एमपीथ्रीवरून बनवलेली नकली सीडी ओळखायला कान पुरत नाहीत. फाइल संगणकावर काढून 'स्पेक'सारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये स्पेक्ट्रोग्रॅम बघा. १६ किलोहर्ट्झवर कात्रीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली, तर मधे कुठेतरी हलक्या दर्जाची एमपीथ्री होऊन गेली आहे. ७८ च्या तबकडीतही खरखर वरपर्यंत पोचते, त्यामुळे तिथेही अशी सरळ कापलेली कड संशयास्पदच.

शास्त्रीय गायनाच्या रिमास्टरमध्ये आधी काय ऐकायचं?

तंबोरा. गायकाकडे नंतर वळा.

खरखर काढणारं सॉफ्टवेअर आधी शांत जागेतल्या खरखरीचा नमुना घेतं आणि मग सबंध ध्वनिमुद्रणातून तेवढं वजा करतं. तंबोऱ्याची जवारी म्हणजे वरच्या पट्टीत सतत झिणझिणणारा, जवळजवळ न बदलणारा आवाज. सॉफ्टवेअरच्या लेखी ती आणि टेपची सिसकार एकच. मिरजेचा कारागीर ज्या जवारीसाठी घोडीवर दोरा सरकवत तास घालवतो, ती इथे एका बटणात जाते. उरतो तो नुसता 'घूं घूं'.

आलापाच्या सुरुवातीची वीसेक सेकंदं घ्या. गायक स्वर सोडून श्वास घेतो, त्या फटीत तंबोरा तसाच राहतो की तोही खाली बसतो? खाली बसत असेल, पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळीत होत असेल, किंवा गायकाचा आवाज आला की खरखरही परत येत असेल, तर सफाई अति झाली. श्वास, पानाच्या डब्याची खुट्, तबलजीने बोट ओलं करून शाईवर फिरवलेलं, हे सगळं एकाच वेळी नाहीसं झालेलं असेल, तर त्या सीडीतून मैफलच निघून गेली असं समजा. थोडी सिसकार राहिलेली सीडी आम्ही नेहमी वरची मानतो. सिसकार दहा मिनिटांत कानाला ऐकू यायची बंद होते. गेलेली जवारी परत येत नाही.

एकच गाणं दोन सीडींवर वेगवेगळ्या पट्टीत का वाजतं?

वेगामुळे. टेप किंवा तबकडी ६ टक्के जास्त वेगाने फिरली की स्वर बरोबर अर्धा चढतो. काळी चारमध्ये गायलेला गायक काळी पाचकडे सरकत जातो, आवाज बारीक आणि घाईचा होतो. ३ मिनिटं २० सेकंदांचं पद ३ मिनिटं ९ सेकंदांत संपतं.

'७८' हा आकडाही फार मनावर घेऊ नका. विशेषतः १९२५ च्या आधीच्या, विजेशिवाय भोंग्यातून घेतलेल्या तबकड्या ७० पासून ८० च्या पुढेपर्यंत वाटेल त्या वेगाने कापल्या जात. सगळ्या ठोक ७८ वर फिरवून सीडी केली की गायकाची पट्टी बिघडते. आणि मग आपण म्हणतो, जुने गायक किती उंच गात!

तपासायची रीत सोपी आहे:

१. गायकाची नेहमीची पट्टी दुसऱ्या खात्रीच्या ध्वनिमुद्रणावरून माहीत करून घ्या. नभोवाणीचं किंवा मैफलीचं चालेल.
२. मोबाइलवरच्या तंबोऱ्याच्या अ‍ॅपमध्ये सीडीचा षड्ज जुळवा. हार्मोनियमवर नको, घरची पेटीच पाव स्वर इकडे-तिकडे असते.
३. फरक पाव स्वराच्या आत असेल तर सोडून द्या, त्या काळी गायकही त्या दिवशीच्या गळ्याप्रमाणे पट्टी हलवत. अर्ध्या स्वराच्या वर असेल तर वेगाचा दोष धरा.
४. 'ऑडॅसिटी' या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये वेग आणि स्वर एकत्र बदलणारा पर्याय वापरून दुरुस्त करा. नुसता स्वर बदलणारा पर्याय घेतलात तर ताल जुनाच राहतो आणि आवाजाला पत्र्यासारखा नाद येतो.

हा रोग फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकन जॅझ वादक माइल्स डेव्हिसचा १९५९ चा 'काइंड ऑफ ब्लू' घ्या. पहिल्या बाजूच्या सत्रात टेपयंत्र सावकाश चालत होतं, म्हणून ती बाजू वाजवताना चढी लागायची. वेगळ्या यंत्रावर बरोबर वेगात घेतलेली राखीव टेप वापरून ही चूक १९९० च्या दशकातल्या सीडींवर सुधारली गेली. तोवर तीसेक वर्षं लोक तीच चढी बाजू ऐकून वाद्यं जुळवत होते.

मोनो चांगलं की स्टिरिओ?

मूळ ज्यात असेल ते. मोनोच्या जुन्या ध्वनिमुद्रणाला एका कानात खालचे स्वर आणि दुसऱ्यात वरचे देऊन 'स्टिरिओ' म्हणून विकायची पद्धत होती. त्यात गायकाचं डोकं खोलीभर पसरल्यासारखं वाटतं. त्याहून वाईट म्हणजे 'झंकार': जुन्या गाण्यावर नवा ठेका चिकटवलेला. कव्हरवर हा शब्द दिसला की खाली ठेवा, फुकट मिळाली तरी.

खरं मोनो तपासायला 'ऑडॅसिटी'मध्ये दोन्ही चॅनेल वेगळे करा, त्यातला एक उलटा करा आणि दोन्ही एकत्र वाजवा. पूर्ण शांतता झाली तर शुद्ध मोनो. फक्त कुरकुर उरली तर मोनो रेकॉर्ड स्टिरिओ सुईने वाचली आहे आणि दोन्ही चॅनेल जोडून घ्यायचा आळस झाला आहे. ते तुम्ही घरी करू शकता, खरखर बरीच कमी होते. गायक किंवा वाद्यं उरली तर स्टिरिओ आहे, खरं किंवा बनावट.

नवी सीडी लावली की कान दुखतात, जुनी बरी वाटते. का?

आवाज दाबून फुगवलेला असतो. हळू आणि मोठ्या जागांमधलं अंतर कमी करून सगळं वरच्या मर्यादेला टेकवतात, म्हणजे गाडीत किंवा दुकानात गाणं चटकन उठून दिसतं. फाइल 'ऑडॅसिटी'त उघडा. चांगल्या मास्टरिंगचा आलेख डोंगरासारखा दिसतो, टोकं क्वचितच वर टेकतात. दाबलेल्याचा भाजलेल्या विटेसारखा: वरून सपाट, खालून सपाट. ख्यालात याची किंमत फार मोठी आहे. विलंबितातली कुजबुज आणि द्रुतातली तान एकाच उंचीवर आली तर चढण कुठे राहिली?

दोन सीडींची तुलना करण्याआधी मात्र पातळी सारखी करा. एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी माणूस मोठ्या आवाजाला 'स्वच्छ' म्हणतो. 'फूबार २०००' या संगणकावरच्या प्लेअरमध्ये पातळी सारखी करणारं रिप्लेगेन चालू करून मग ऐका, आणि शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी बटण दाबायला सांगा.

मागे 'एएडी', 'एडीडी' असं छापलेलं असतं, ते काय?

पहिलं अक्षर ध्वनिमुद्रणाचं, दुसरं मिक्सिंगचं, तिसरं मास्टरिंगचं. 'ए' म्हणजे अ‍ॅनालॉग, 'डी' म्हणजे डिजिटल. सीडीवर तिसरं नेहमी 'डी'. १९६८ च्या एलपीच्या सीडीवर 'डीडीडी' दिसलं तर छापणाऱ्याला कळलेलं नाही, किंवा गाणी पुन्हा गाऊन घेतली आहेत.

एका सीडीवर दोन एलपी दिल्या असतील तर काही कापलं जातं का?

कधी कधी. सीडीची मर्यादा आधी ७४ मिनिटं होती, पुढे ८० पर्यंत गेली. एलपीच्या एका बाजूत साधारण २० ते २२ मिनिटं मावतात. दोन एलपी म्हणजे ८० ते ८८ मिनिटं, आणि इथेच कात्री चालते. एखादं बंदिशीचं आवर्तन किंवा शेवटची भैरवी गुपचूप लुप्त होते. एलपीच्या लेबलवरच्या वेळा लिहून घ्या आणि सीडीच्या वेळांशी ताडून पाहा.

उलटा प्रकारही असतो. एक राग एलपीच्या दोन्ही बाजूंवर पसरलेला असेल तर पहिली बाजू आवाज मंद करत संपवलेली असते आणि दुसरी मंदातून उगवते. मूळ टेप अखंड मिळाली असेल तर चांगल्या सीडीवर हा सांधा नाहीसा होतो आणि रागाचा डोह एकसंध लागतो. सांधा तसाच राहिला असेल तर काम रेकॉर्डच्या टेपवरून किंवा रेकॉर्डवरूनच झालंय.

कव्हरवरचे नंबर कशाला टिपायचे?

कारण नाव बदललं तरी त्या प्रतीचा नंबर बदलत नाही. एचएमव्हीच्या जुन्या एलपींवर 'ईएएलपी', 'ईसीएसडी' अशी अक्षरं आणि पुढे आकडा असतो. सीडी आली की कंपनीने नवा नंबर दिला: बिगरफिल्मीला 'सीडीएनएफ', फिल्मीला 'सीडीएफ'. एचएमव्हीचं लेबल लावणाऱ्या ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचं नाव २००० मध्ये सारेगामा झालं, त्यामुळे एकाच सीडीच्या एचएमव्हीच्या कुत्र्याचं चित्र असलेल्या आणि नसलेल्या, अशा दोन्ही प्रती बाजारात दिसतात. आतलं मास्टरिंग बहुधा एकच. दुप्पट दाम देऊ नका.

एसएचएम, ब्लू-स्पेक, सोन्याची सीडी, एसएसीडी: जास्त पैसे द्यावेत का?

एसएचएम आणि ब्लू-स्पेकमध्ये प्लास्टिक आणि कोरण्याची रीत वेगळी असते, माहिती तीच १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची. साध्या सीडीहून फरक ऐकू आला तर तो मास्टरिंगचा. सोन्याचा थर गंजत नाही, आवाजाशी त्याचा संबंध नाही. एसएसीडीचा (सुपर ऑडिओ सीडीचा) वरच्या दर्जाचा थर वाचायला वेगळा प्लेअर लागतो. 'हायब्रिड' लिहिलं असेल तरच ती साध्या प्लेअरमध्ये वाजेल. जपानी कागदी कव्हरच्या प्रती एलपीचं कव्हर तंतोतंत छोटं करून देतात. हौस म्हणून घ्या. बाजूला गुंडाळलेली कागदी पट्टी टाकू मात्र नका, विकायची वेळ आली तर अर्धी किंमत तिचीच असते.

एकाच जुन्या तबकडीच्या इतक्या कंपन्यांच्या सीडी कशा निघतात?

भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. तो संपला की कुणीही ते ध्वनिमुद्रण काढू शकतो. गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. युरोपात मुदत आधी ५० होती, २०१३ पासून ७० झाली, पण १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेलं तिथे आधीच मोकळं झालं होतं. म्हणून जॅझच्या स्वस्त युरोपीय सीडींचा पूर आहे. त्यातल्या बऱ्याचशा दुसऱ्या कुणाच्या सीडीवरूनच उतरवलेल्या असतात. टेप कुठून आली आणि काम कुणी केलं, ही दोन नावं पुस्तिकेत नसतील तर किंमत कितीही कमी असो, सोडा.

सेकंडहँड सीडी हातात आली की काय तपासायचं?

खालची बाजू रुपेरी हवी. हिरवट, निळसर किंवा जांभळट झाक असेल तर ती घरी भाजलेली सीडी-आर आहे; तिचा रंगाचा थर उन्हाने आणि काळाने उडतो. आतल्या पारदर्शक कड्याजवळ नंबर कोरलेला असतो. १९९४ पासून तिथे 'आयएफपीआय' (ध्वनिमुद्रण कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) ही बारीक अक्षरंही येऊ लागली. त्याआधीच्या डिस्कवर ती नसली म्हणून ती नकली ठरत नाही.

मग डिस्क ट्यूबलाइटसमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर अ‍ॅल्युमिनियम गेलंय. एक-दोन चालतील, चाळणी नको. ब्रिटनमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान छापलेल्या काही डिस्क कडेकडून तांब्यासारख्या तपकिरी होत जातात. तशा घेऊ नका, तो रोग थांबत नाही.

ओरखड्यांबाबत लोक चुकीच्या बाजूला घाबरतात. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिक आहे, साधे ओरखडे लेसर चुकवून जातो. छापील बाजूला मात्र अ‍ॅल्युमिनियमवर फक्त लाखेचा पातळ थर. तिथे बॉलपेनने कुणी नाव घातलं असेल तर मागून नीट बघा. खालच्या ओरखड्यांतही आडवा, म्हणजे मध्यापासून कडेकडे गेलेला, परवडला. गोल फिरलेला वाईट, कारण तो एकाच मार्गावर सलग पडतो आणि सलग अडीच मिलिमीटरच्या आसपास गेलेली माहितीच प्लेअर भरून काढू शकतो.

पावसाळ्यात सीडी कशा सांभाळायच्या?

कणकुंबी-जांबोटीकडे जून ते सप्टेंबर कपाटात कपडे वाळत नाहीत, तिथे पुस्तिका कशा राहतील? बेळगाव शहरात थोडं बरं, पण भिंतीला लागून असलेलं लाकडी कपाट सगळीकडे सारखंच. आधी जाते ती पुस्तिका. गुळगुळीत कागद ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात, आणि ओढली की गायकाचा चेहरा समोरच्या पानावर राहतो. चिकटलेली पुस्तिका ओढू नका. फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, दोन दिवस उघडी ठेवून कोरडी होऊ द्या आणि मग पातळ प्लास्टिक पट्टीने एका कोपऱ्यापासून सोडवा. सगळ्याच सुटतील असं नाही.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पाठीमागे वारा खेळला की निम्मं काम होतं. मग सीडी घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवा, पन्नास सीडींना १०० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलणारी जेल घ्या. रंग बदलला की लोखंडी तव्यावर, मंद आचेवर, उलथत राहून कोरडी करा. तो तवा नंतर भाकरीला वापरू नका. कुंद्याचा रिकामा डबा या जेलसाठी अगदी मापाचा, झाकणाला दाभणाने भोकं पाडा. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकला आणि छपाईला चांगली नाही.

जुन्या जाड पेट्यांमध्ये डिस्कवर स्पंजचा तुकडा असतो. आजच काढून टाका. दमटपणात तो विरघळून डिस्कला चिकटतो आणि छपाईसकट निघतो. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांचंही तेच, पॉलिप्रोपिलिनची घ्या.

नेहमीचा प्लास्टिकचा डबा १० मिलिमीटर जाड असतो, म्हणजे शंभर सीडींना साधारण एक मीटर फळी लागते. मधल्या चक्राचे दात तुटले तर डबा बदलला की झालं, त्यापायी मूळ पुस्तिका फेकू नका.

सीडी अडकते. साफ कशी करायची?

आधी दुसऱ्या प्लेअरमध्ये लावून बघा. निम्म्या वेळा दोष भिंगाचा असतो. डिस्क साध्या पाण्याने, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून धुवा. जुनं धुतलेलं सुती धोतर उत्तम. मध्याकडून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. टूथपेस्ट लावायचा सल्ला तुम्हाला नक्की कुणीतरी देईल. ती घासून पृष्ठभाग खाते, एखादा खोल ओरखडा बुजवायला शेवटचा उपाय म्हणून ठीक, रोजचा नाही.

७८ च्या तबकड्यांना मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. आणि त्यांना एलपीची सुई चालत नाही; त्यांची खाच तिप्पट रुंद असते, एलपीची बारीक सुई तळाशी लोळत नुसती घाण वाचते.

संगणकावर उतरवून ठेवायची असेल तर?

'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा सीडी उतरवणारा प्रोग्रॅम वापरा, सुरक्षित पद्धतीवर ठेवा आणि 'अ‍ॅक्युरेटरिप'शी ताडणी चालू करा. जगातल्या दुसऱ्या कुणाच्या प्रतीशी तुमची प्रत जुळली तर निश्चिंत. भारतीय सीडींच्या नोंदी तिथे कमी असतात, तेव्हा तीच डिस्क दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवून आकडे जुळवा. कच्ची फाइल मिनिटाला १० एमबीच्या आसपास होते. फ्लॅकमध्ये ठेवा, साधारण निम्मी जागा लागते आणि एक बिटही जात नाही.

८० च्या दशकातल्या काही सीडींमध्ये वरचे स्वर मुद्दाम चढवलेले असतात आणि प्लेअर ते परत उतरवतो. याला प्री-एम्फसिस म्हणतात. उतरवलेली फाइल मूळ सीडीपेक्षा तीक्ष्ण वाटली तर प्रोग्रॅमच्या नोंदीत हा शिक्का आहे का बघा, आणि असला तर रूपांतर करताना ती दुरुस्ती लावा.

परदेशातून मागवताना काय काळजी घ्यायची?

भरलेल्या डब्याचं वजन साधारण १०० ग्रॅम, त्यातली डिस्क जेमतेम १५. डबा बहुतेक वेळा वाटेत तडकतोच. म्हणून विक्रेत्याला डबा काढून फक्त डिस्क, पुस्तिका आणि मागचा कागद पाठवायला सांगा. डबा इथे मिळतो. पत्त्यात बेळगावचं जुनं आणि नवं, दोन्ही रोमन स्पेलिंग लिहा, पिनकोड ठळक. जकात लागली तर पार्सल घेताना भरावी लागते, ती किमतीत धरूनच सौदा करा.

सीडी आली की एलपी विकून टाकू का?

नका. वर सांगितलेल्या सगळ्या तपासण्यांचं माप तीच आहे.

यादी कशी ठेवायची?

वहीत किंवा शीटमध्ये इतकं पुरे: गायक, राग किंवा पद, एलपीचा नंबर, सीडीचा नंबर, आतल्या कड्यावरचा कोरीव नंबर, एकूण वेळ, षड्ज, आणि एका ओळीत तंबोऱ्याबद्दल शेरा. षड्जाचा रकाना सुरुवातीला निरर्थक वाटतो. दोनशे सीडी झाल्या की वेगाच्या चुका त्याच रकान्यात दिसायला लागतात.

नावांचं मात्र आधीच ठरवून टाका. गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांचं आडनाव रोमन लिपीत कुठे एका 'यू'ने, कुठे दोन 'ओ'ने येतं. दोन्हींनी शोधल्याशिवाय 'मिळत नाही' म्हणू नका. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले गायक कुमार गंधर्व काही याद्यांत 'के'खाली सापडतात, काहींत 'जी'खाली. आणि गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या ७८ च्या तबकड्यांवर 'गांधारी' असं नाव आहे, ते वेगळ्या गायिकेचं समजून बाजूला पडतं. दोन्ही नावं एकाच ओळीत लिहा.